राहत्या माणसाची अट

३ मार्च

नोव्हेंबरपासून या वहीत एक ओळ नाही. माफी मागते. ग्रंथालयातली नोकरी सोडणं, भाड्याची खोली आवरणं आणि धाकट्या बहिणीची समजूत काढणं यांत हिवाळा संपला. आता सबब उरलेली नाही, कारण मी पोहोचले आहे आणि लिहायला बसले आहे ती माझ्या स्वतःच्या जमिनीवर. हे वाक्य मी पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

सरकारने हे माळरान वस्तीसाठी जवळजवळ फुकट काढलं आहे. अट एवढीच की जमिनीवर दार-खिडकी असलेलं घर हवं आणि तपासनीस येईल तेव्हा त्यात राहतं माणूस हवं. सध्या माझा तंबू आहे. त्याचं दार म्हणजे एक चेन, तीही अर्ध्यावर अडकते. चहात वाळू येते. तरी सकाळी बाहेर येऊन चहूकडे पाहिलं, तर कुठेच भिंत नव्हती. आम्ही दोघी बहिणी जन्मभर दुसऱ्याच्या घरात पाय न वाजवता चाललो. धाकटीला इथे धपाधप पाय आपटत चालताना बघायचं आहे. घर उभं राहिलं की ती येईल.

६ मार्च

घर उभं राहणार कशाचं? लाकडाची गाडी इतक्यात येतच नाही. शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्या हसतच सुटल्या. काकूंची विहीर आहे, ट्रॅक्टर आहे आणि प्रत्येक गोष्टीवर मत आहे. त्यांनी मला पलीकडे नेऊन एका खोलीचं लाकडी घर दाखवलं. खाली गोल ओंडके, पुढे साखळी. ज्याची तपासणी असेल त्याच्या जमिनीवर ते ट्रॅक्टरने ओढून न्यायचं. मालक बहुतेक शहरातच असतात. "आमच्या घराला पाया नाही, पाय आहेत," काकू म्हणाल्या.

आत मास्तर असतात. पूर्वी शाळेत शिकवायचे. प्रत्येक तपासणीत राहतं माणूस म्हणून तेच बसतात. त्यांनी खिडकीतूनच फार आपुलकीने चौकशी केली, चहाही खिडकीतूनच दिला. बाहेर आले नाहीत. गुडघे दुखत असावेत. पुढच्या तपासणीला मी बसावं, बदल्यात घर माझ्याही जमिनीवर येईल, असं त्यांनी सुचवलं. काकूंनी लगेच मान डोलावली.

७ मार्च

दिवसभर विचार करत होते. हे खोटं आहे. पण लाकूड न देता घर मागणारी अट तरी कुठे शहाणी आहे? खोटं बोलायचं असलं की मी आधी नियमात खोट शोधते, हे मला माहीत आहे. माहीत असूनही शोधली. धाकटी तिकडे एकटी आहे. होकार दिला.

१० मार्च

तपासनीस आले. मऊ आवाजाचे, सभ्य गृहस्थ. पायपुसणं नव्हतं, तरी उंबऱ्यावर पाय पुसल्यासारखे करून आत आले. मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. आता इथे ह्या राहतात, म्हणाले.

"इथेच राहता?"

"हो, इथेच राहते." जीभ अडखळेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"मग राहा," असं म्हणून ते गेले.

त्यांची पाठ वळते न वळते तोच मास्तरांनी ट्रंक उचलली, उंबऱ्यावरून उडी मारली आणि रस्त्याच्या दिशेने जवळजवळ पळत सुटले. निरोप नाही, आभार नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, किती दिवस राहणार बिचारे.

११ मार्च

काल मी तंबूत परतले होते, हे नक्की. चेन अडकली, ती सोडवताना नख तुटलं. सकाळी जाग आली ती लाकडी घरात. नख तुटलेलंच आहे. दमले होते, माणसं झोपेत चालतात.

१३ मार्च

आज पुन्हा पुन्हा निघून पाहिलं. माळ सपाट आहे, एक झाड नाही, रस्ता लख्ख दिसतो. रस्त्याकडे चालत गेले तर समोर घर. वळून विहिरीकडे गेले तर घर. गवतावर ओंडक्यांचा माग नाही. शेवटी पाय गळून गेले तेव्हा टेकायला आत शिरले. कोणी ढकललं नाही. हे नोंदवायला हवं.

१४ मार्च

काकूंनी खिडकीत डबा ठेवला. नजर दिली नाही. मी सरळच विचारलं. म्हणाल्या, मास्तरांच्या आधी एक नर्स होती, तिच्या आधीचं आठवत नाही. तपासनिसांना नवीन माणसाचं नाव सांगितलं की जुनं सुटतं. इतक्यांच्या जमिनी या घरावर टिकल्या आहेत, काकूंची स्वतःचीसुद्धा.

"कुणीतरी राहायला लागतंच हो, बाई. तुमची धाकटी येतेय ना? मग एवढं काय?"

मी खिडकी त्यांच्या तोंडावर लावली. मग उघडली, हात जोडले, तिला येऊ नको म्हणून कळवा असं विनवलं. कळवते, म्हणाल्या. किती सहज म्हणाल्या.

खिडकी बंद होती तेवढ्यात मी एक केलं. धाकटी इथवर कधी पोहोचेल, याचा अंदाज बांधला. तो का बांधला?

१७ मार्च

खिडकीत रोज वेगळी जमीन. ट्रॅक्टरचा आवाज नाही. लांबून लोक हात करतात, भलत्याच नावांनी हाका मारतात. मीही हात करते —

खोली लहान होत नाहीये. पावलांनी मोजली. तेवढीच आहे. मग श्वास का —

१८ मार्च

धाकटी गाडीत बसली, काकू म्हणाल्या. खुशीत आहे म्हणे. म्हणजे तिला कोणी कळवलंच —

१९ मार्च

तपासनीस. इथेच राहता? मी म्हटलं, नाही. खरं तेच.

रागावले नाहीत. "मग इथे कोण राहतं?"

कोणीच नाही, म्हटलं. ते त्यांनी लिहिलं नाही. पेन धरून उभे राहिले. मी मनानेच रचलेलं एक नाव ठोकून दिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. येणारं माणूस हवं, बाई. उद्या पुन्हा येतो.

जाताना दार लावलं नाही. मी बाहेर पाऊल टाकते, ते आतच पडतं.

धाकटीचं नाव मी ठेवलं होतं. लहान होते. आई म्हणाली, बहीण तुझी, तूच ठरव. कितीतरी दिवस कोणाला न सांगता ते तोंडातच घोळवत होते. अजूनही तसंच येतं, आपोआप —

सांगणार नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे —

किती वारा आहे बाहेर.

उद्या : तपासनिसांना नाव