तीळ-खोबऱ्यात शिजलेलं हृदय

गुडीहत्नूर, डिसेंबर १९८८

चिरंजीव मोतीरामास (टक्कल पडलं तरी साळा तो साळाच, म्हणून चिरंजीव) खुशालदाजीचा सप्रेम जयभीम. मंचेरियलची कोळशाची धूळ, तुझी बायको आणि तुझा खोकला हे तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे मी सोडून सगळे मजेत आहेत. पत्राचं कारण एकच: रविवारी ये आणि तुझ्या आईला घेऊन जा.

दाजी विज्ञानाचे मास्तर आहेत, समजावून बीपीच्या गोळ्या खायला लावतील, असं म्हणून तू तिला इथे सोडलंस. मी समजावलं. रक्तवाहिन्या अरुंद आणि कडक झाल्या की हृदयाला जोर लावून रक्त ढकलावं लागतं, आणि असं ढकलून ढकलून ते थकतं. त्यावर तिचं उत्तर, "माह्या रगतात जोर हाय, त तुमाले काऊन तरास?" गोळी ती कोंबडीला घालते. हल्ली आमची कोंबडी फार शांत झाली आहे.

परवा शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि पाहुणे म्हणून सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येणार होते. दहावीला दाखवायला मी खाटकाकडून बकऱ्याचं अख्खं हृदय, नळ्यांच्या बुडख्यांसकट, आणलं आणि डब्यात मिठाच्या पाण्यात ठेवलं. (स्वयंपाकघरात. पुढचं ओळखलंस.) लेकीच्या घरी बसून खाणं तुझ्या आईला पटत नाही, म्हणून ती दिवसभर काहीतरी रांधत असते. डबा उघडून तिने ताडलं की जवाईबापूंना खायची हौस आहे, पण सांगायला लाजतात. मी आंघोळ करून येतो तर हृदय तीळ-खोबऱ्याच्या रश्श्यात उकळतंय आणि तुझी बहीण वनमाला पदर तोंडात कोंबून हसतेय.

दुसरं हृदय कुठे मिळेना, म्हणून पातेलंच शाळेत नेलं. मागोमाग तुझी आई, पातेलं परत न्यायला. फोडी धुऊन ताटात मांडल्या. जाड भिंतीच्या त्या डावीकडच्या, कारण तिथून रक्त पार पायाच्या अंगठ्यापर्यंत फेकायचं असतं. पातळ त्या उजवीकडच्या, त्यांना शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोचवायचं. धमनी शिजली तरी नळीसारखी उघडी राहिली होती. शीर मात्र चपटी, कारण तिच्यात दाब कमी, म्हणून तर रक्त मागे घसरू नये यासाठी पायांतल्या शिरांना झडपा असतात. वर्गाने इतकं लक्ष मला कधी दिलं नव्हतं. (वास फार चांगला सुटला होता.) धमन्या आणि शिरांना जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्यांपर्यंत मी पोचलो तेव्हा ताटात उजवी बाजू उरलीच नव्हती. अर्धं रक्ताभिसरण दहावीने खाल्लं. डॉक्टरांनी एक फोड तोंडात टाकली आणि मान डोलावत तेलुगूत 'बागुंदी' म्हणाले.

मग त्यांनी बीपीचं यंत्र काढलं. मी म्हटलं, आधी या आजींचं बघा. तर तुझी आई हात पदराखाली लपवून भर वर्गात कडाडली, "जवाईबापूच्या आंधी माहा हात? मान त्यायचा हाय, पयले त्यायले पट्टा बांधा!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. बांधून घेतला, काय करतो! मग तिला बांधला, पारा चढलेलाच होता. अशी बाई सांभाळणं माझ्याच्याने होणार नाही. रविवारी नक्की ये.

तुझा (नाइलाजाने) दाजी,
खुशाल

ता. क. : गोळी ती आता खाते. तेव्हा तिला न्यायची घाई नाही.

आणखी एक ता. क. : का खाते तेही सांगतो. माझा पारा तिच्याही वर गेला होता. डॉक्टर माझ्याशी तेलुगूत हळूच बोलले, पण तुझ्या आईने माझं तोंड पाहिलं. आता ती दोघांच्या गोळ्या घेऊन समोर बसते आणि मी गिळल्याशिवाय स्वतः गिळत नाही. ईसीजी काढायला आदिलाबादला बोलावलं आहे. इतकी वर्षं फळ्यावर हृदय काढतो, पण स्वतःचं कधी तपासलं नाही. भीती वाटते रे मोतीराम. वनमालाला अजून सांगितलेलं नाही. रविवारी ये, सोमवारी माझ्याबरोबर चल. आणि आईला न्यायचं नाव काढू नकोस. ती गेली तर मी गोळी कोणाच्या धाकाने खाणार?