बीडला नाही, बीडात

आई, तू असतीस तर आधी विचारलं असतंस, जेवलास का. जेवलो. गॅस बंद आहे ते दोनदा पाहून आलो, मागच्या दाराला कडी आहे. माझा हात आठवीपर्यंतच शिकलेला, म्हणून फिरवून फिरवून न लिहिता सरळ लिहितो. तुझं बीड मला सापडलं. ते भैरवगढच्या पुढे आहे.

झालं असं. तुझी नातसून, म्हणजे माझी सून, माधवनगरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. मुलांना दाखवायला तिने काँप्युटरवर आपल्या उज्जैनच्या आजूबाजूचे जुने नकाशे काढले. इंग्रजांच्या वेळचे, मोजणी करून काढलेले. त्यांत घरं, विहिरी, पायवाटा, सगळं असतं. मी तिला पहिल्यांदा हेच विचारलं, की हे सरकारी नकाशे असे घरी बघितले तर पोलीस तर येणार नाहीत ना? ती हसली. म्हणाली, "बाबा, सगळं जग बघतंय." तरी मी खिडकी लावून घेतली. मग मला त्याचा नादच लागला. ती शाळेतून आली की मी खुर्ची ओढून बसायचो. तुझी सून आतून म्हणायची, "आता नकाशे बघून कुठे निघालात? दवाखान्याचा रस्ता पाठ आहे तेवढा पुरे."

नकाशात आपली क्षिप्रा मी वळणावरून ओळखली. भैरवगढ ओळखलं. तिथल्या छपाईच्या कारखान्यात माझा जन्म गेला, ठसे मारलेलं कापड नदीवर धुताना ते वळण रोज डोळ्यांसमोर असायचं. त्याच्या वरच्या अंगाला शेतं संपतात आणि कागदावर बारीक बारीक झुबके काढलेले दिसतात, मुंग्यांनी रांगोळी घातल्यासारखे. मी विचारलं, हे काय उगवलंय? सून म्हणाली, "गवत. नुसता गवताळ माळ असेल तिथे अशी खूण करतात." त्या झुबक्यांवरून तीन इंग्रजी अक्षरं लांब लांब पसरून लिहिली होती. तिने वाचलं, "बी, आय, आर. बिर. एखाद्या वीराचं ठाणं असेल का हो?" ती नाशिककडची, तिला कुठून कळणार. इंग्रज इकडच्या हिंदीतल्या ड़ च्या जागी आर लिहायचे, हे मला कारखान्यातल्या जुन्या पाटीवरून माहीत होतं. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हटलं, "बिर नाही. बीड़." माळाच्या मधोमध एक काळा चौकोन होता, त्याच्याजवळ लिहिलं होतं, चौकी. चौकीशेजारी विहिरीचा निळा ठिपका.

ती चौकी, ती विहीर. तू पोळ्या लाटताना सांगायचीस, आणि मी पाटावर बसून ऐकायचो. तुझे वडील संस्थानच्या चाकरीत, पागेच्या घोड्यांसाठी राखलेल्या गवतावर पहारेकरी. दिवाळीपर्यंत गवत तुझ्या डोक्याच्या वर जायचं. वारा सुटला की सगळं गवत एकाच बाजूला लवायचं आणि वाजायचं, दुरून कोणी कपडा फाडतंय तसं. विहिरीला कठडा नव्हता, म्हणून तुझी आई तुझ्या पायात घुंगरू बांधायची. उन्हाळ्यात कोणी बिडी टाकली आणि आग लागली की तुझे वडील ओलं गोणपाट घेऊन पळायचे. हे सगळं सांगून तू म्हणायचीस, "आमच्या बीडात असं होतं." आणि मी डोळ्यांसमोर आणायचो ते मराठवाड्यातलं बीड. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात होतं ते.

इथे गवताच्या राखीव माळाला बीड म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. कारखान्यासमोरून चाऱ्याच्या बैलगाड्या जायच्या, गाडीवाला ओरडायचा, "बीड़ की घास है, असली!" पण तो शब्द बाजारातला, हिंदीतला. तुझा शब्द स्वयंपाकघरातला, मराठीतला. दोन्ही एकच असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा मी येऊ दिलं नाही.

माझं लग्न ठरत होतं तो दिवस आठवतो. माझे सासरे बँकेच्या बदलीवर पुण्याहून आलेले, बोलणं एकदम इस्त्रीचं. समोरच्या खोलीत बसले आहेत, तू पोह्यांच्या बशा घेऊन येतेस. ते विचारतात, "तुमचं मूळ गाव कोणतं?" बाबांचं घराणं फौजेबरोबर कधी इकडे आलं, कुठून आलं, कोणालाच माहीत नाही. तू मात्र खुशीत सांगतेस, "ह्यांच्याकडचं तर कुणाला मालूम नाही. मी बीडातली." मी सगळ्यांसमोर म्हणतो, "बीडातली काय, आई! बीडची म्हण. बीडला, बीडहून असं बोलतात. बीडात नाही." पाहुणे हसतात. सासरे म्हणतात, "असू द्या हो, इथली मराठी थोडं हिंदी पाणी प्यालेली." तूही पदर तोंडाला लावून हसतेस. "हो रे बाबा, तुला जास्त मालूम." त्या दिवसापासून आमचं मूळ गाव बीड झालं. मी ते मुलांच्या लग्नात सांगितलं, सुनेच्या आईवडिलांना सांगितलं. आणि तू चारचौघांत बीडाचं नाव काढणं सोडलंस. तू बरोबर बोलत होतीस. गवतातच राहतात माणसं, गवताला नाही.

मग तुझं आजारपण. खाट समोरच्या खोलीत आणली होती, तुला रस्ता दिसावा म्हणून. एका दुपारी मी औषध पाजत होतो आणि तू म्हणालीस, "मला एकदा बीडात ने रे." माझा जीव घाबरला. आधी इंदूर, तिथून बस, मग आणखी बस, रजा कोण देणार, वाटेत तुला काही झालं तर. मी म्हटलं, "एवढ्या लांब? हाल होतील तुझे." तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी शेजारच्या घरचा मुलगा. "लांब?" म्हणालीस. मग रस्त्याकडे तोंड करून म्हणालीस, "राहू दे." तुझ्या तेराव्याला सगळे म्हणत होते, बिचारीचं माहेर फार दूर पडलं. मीही मान हलवत होतो.

त्याच्या पुढच्या वर्षी मी एकटाच बीडला गेलो, ते तुला माहीत नाही. स्टँडवर चहावाल्याला विचारलं, इथे गवताचं मोठं रान कुठे होतं, मधे चौकी असलेलं? तो म्हणाला, "पाव्हणं, कुठनं आलात?" मी म्हणालो, इथलाच आहे. "इथलाच? मग वाट कशाला पुसताय?" बाकावरचे सगळे हसले, पण चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. मी स्टँडच्या मागची चिमूटभर माती तंबाखूच्या डबीत भरून आणली. ती डबी देवघरात तुझ्या फोटोमागे आहे. दर पितृपक्षात तिला हळदकुंकू वाहतो, सुनेलाही वाहायला लावतो. कोणाच्या पायाखालची माती ती, आई. तुझा पाय तिला कधी लागला नाही.

सुनेने नंतरचे नकाशेही दाखवले. एकात झुबके कमी, दुसऱ्यात कडेला उरलेले थोडे, शेवटच्यात नाहीतच, चौकीही नाही. आता तिथे सोयाबीन आहे म्हणे आणि कॉलनीच्या प्लॉटांचे दगड. विहीर मात्र अजून दाखवली आहे. मी तिला चौकीची गोष्ट सांगितली, घुंगराची सांगितली. पोरीने नकाशावर विहिरीपासून आपल्या घरापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबा, रविवारी मी गाडी काढते. पोहे खाऊन निघालो तर जेवायला घरी येऊ." मी म्हटलं, गुडघे दुखतात. म्हटलं, विहिरीला कठडा नसेल, पोरं बरोबर नकोत. म्हटलं, कुत्री असतील. ती म्हणाली, "बघा, आजींची विहीर आहे." आज परत विचारून गेली. डबीतल्या मातीचं काय करायचं तेही तिने हळूच विचारलं. मी अजून काही बोललो नाही.

भीती गुडघ्यांची नाही. गाडीत ती विचारेल, आजी कधी म्हणाल्या नाहीत का, की इथे जवळच आहे म्हणून? आणि ती विचारणारच, तिला सगळं नीट समजून घ्यायची सवय आहे. त्या दुपारचं अर्धंच बोलणं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. उरलेलं अर्धं तुला नि मलाच माहीत होतं, आता मला एकट्याला. रविवारी जायचं तर तिला ते सांगावं लागेल, न सांगता त्या विहिरीपाशी मी उभा राहू शकत नाही. म्हणून आधी तुझ्यापाशी लिहून बघतो आहे, जमतं का. हा कागद कुठे टाकायचा आहे थोडाच, डबीखाली ठेवीन.

तू म्हणालीस, "मला एकदा बीडात ने रे. टांगा कर, दिवेलागणीच्या आत वापस येऊ." दुखण्यात काहीही बोलते असं मी मनाशी म्हटलं. पण टांगा हा शब्द मी नीट ऐकला होता, आई.