टँकरचं न विचारणारी लेक

वाळूज, छत्रपती संभाजीनगर
१४ मे २०२४

आये,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून प्रांजली लिहिते की, मी बरी हाय अन् येळेवर जेवते.

माझं व्हॉट्सॲप परत मिळालं. कुरिअरवाला म्हणून एकानं फोनवर कोड मागितला अन् मी शहाणी सांगून बसले. मग तो चोर माझ्या नावानं सगळ्यांना मेसेज धाडून कोड मागत सुटला. मामानं बी देऊन टाकला. तू तेवढी फसली नाय! उलट मलाच फोन लावलास, "पोरी, त्यात टँकर आला का ते इचारलंच नाय. माझी लेक पाण्याचं इचारल्याबिगर बोलत नाय."

लई अभिमान वाटला, आये. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

तुझा फोन ठेवला अन् लगेच ॲप काढून परत टाकलं. माझ्या नंबरवर नवा कोड मागवला, तसा चोर बाहेर फेकला गेला. आता वरून पिन लावलाय, मेलचा पासवर्ड बदललाय, ऑफिसच्या कंप्युटरवर उघडं राहिलेलं व्हॉट्सॲप बी बंद केलंय. मामाचं बी नीट करून दिलं. अजून फोन वाजला की दचकते, पण ते जाईल.

तू कोड कुणाला सांगू नको. मला बी नाय.

मोबाइलवर लिहिलं असतं तर तुला परत शंका आली असती, म्हणून हातानं लिहिते. अन् खूण बी देते: टँकर आला का? का अजून आपल्या वाट्याचं पाणी मेंढरांना पाजतेस?

तुझीच, खरी
प्रांजली