उभ्या गाडीचं पाणी

९ मार्च, सोमवार
कागलहून शाळा करून येताना कोगनोळी टोलच्या रांगेत गाडी तापली. काटा लाल रेघेला आणि ए.सी.तून गरम वारा. हायवेवर धावताना मात्र छान गार होता. बाजूला घेतली, बॉनेट उघडून बसले. कूलंटची बाटली जवळजवळ रिकामी. गार झाल्यावर माझं प्यायचं पाणी ओतून कशीबशी निपाणी गाठली. सुनीलचं निदान तयार होतं: "तू हाफ क्लचवर चालवतेस." नववीला उष्णता शिकवणाऱ्या बायकोला हे सांगायला धीर लागतो.

त्याचे वडील, आप्पा, रात्रभर खोकत होते. घरामागेच आमची तंबाखूची वखार. तिथं बायकांची तंबाखू-चाळणी सुरू झाली की सगळ्या घराला ठसका. विचारलं तर, "धूळ हाय गं, जुनीच हाय."

१० मार्च, मंगळ
बसू मिस्त्री येऊन गेला. म्हणे दोन दुखणी. कूलंट गळतंय, आणि ए.सी.चा गॅस गेलाय. "आधी पाइपा बघू वैनी, मग गॅस भरू." मला पटेना. एकाच दिवशी दोन्ही कशी बिघडतील? तो सौंदत्तीला जत्रेला चाललाय, रविवारी येतो म्हणाला. तोवर गाडी शेडमध्ये, मी एसटीत उभी.
बाटली भरली, शाळेच्या मार्करने पाण्याच्या पातळीवर रेघ मारली. खाली पुठ्ठा.

११ मार्च
पाणी रेघेच्या बोटभर खाली!! गाडी जागची हललेली नाही, किलोमीटर तेच. पुठ्ठ्यावर पुढच्या बाजूला ओला डाग. पुन्हा रेघेपर्यंत भरलं.

१२ मार्च, गुरु
परत बोटभर. डिझेलचा काटाही उतरलाय. म्हणजे कोणीतरी गाडी चालू करतंय. चावी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असते, कुणीही घ्यावी.
सु. म्हणतो, मी दिवसभर दुकानात. शेवंताला विचारलं. ती चाळणीवर बसते तिथून शेड समोर दिसते. "मला काय ठावं वैनी," म्हणाली. नाकावरचा पदर सारखा केला, हसली आणि खोकत बसली.
संध्याकाळी स्वतः गाडी चालू करून ए.सी. लावला आणि बॉनेट उघडून उभी राहिले. पुढचा पंखा हलतच नाही. मग सगळं उलगडलं. हायवेवर समोरून वारा मिळतो, भागतं. उभी राहिली की तापते, पाणी उसळून झाकणातून बाहेर, ए.सी. आपोआप गरम. दुखणं एकच. फार बरं वाटलं, निकाल चांगला लागला की वाटतं त्याहून जास्त.
बसू येईपर्यंत कुणी इंजिन जाळू नये म्हणून चावी माझ्या कपाटात.

१३ मार्च
पाणी रेघेवर. तसूभर हललं नाही. सिद्ध.
आप्पा दुपारी जेवले नाहीत. दिवस मावळायच्या आत दोन घास खाल्ले, तेवढंच. नंतर पाणीही न घेण्याचा त्यांचा नेम आहे. ऊन बाधलं असेल.

१४ मार्च, शनि
पाणी रेघेवर. सकाळची शाळा, दुपारी दीडला घरी.
शेडमध्ये गाडीत आप्पा बसलेले. काचा वर, गाडी बंद. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, छाती वरखाली होतेय. दार उघडलं तर माझ्याकडे बघून म्हणाले, "चावी कुठं ठेवलीस गं?" रागावले नाहीत, नुसतं विचारलं.
गाडी शेडमध्ये उभी राहिल्यापासून रोज दुपारी काचा लावून, गरम होईपर्यंत ए.सी.त बसत होते. धूळ आत येत नाही, तेवढा वेळ श्वास पुरा लागतो. दाराच्या कप्प्यात ज्येष्ठमधाच्या कांड्या.
दोन दिवस मी रेघ बघत होते. स्वतःचा फार राग आला, मोरीत जाऊन रडले.

१५ मार्च, रवि
बसू आला. पंख्याची मोटर जळालेली. बदलली. "बरोबर हुडकलं वैनी." ए.सी. गार. चावी खिळ्याला.
आप्पा: "सुनीलला सांगू नगंस."
का?
"वखार बंद करंल त्यो." मग, "आणि सांगणार तरी काय? बायका धूळ खात्यात आन् मालक काचा लावून गार बसतोय?"


१६ मार्च
बेळगावच्या छातीच्या डॉक्टरांची बुधवारची वेळ मिळाली. रजा टाकली. आप्पा आधी न्हाय, न्हाय. मग म्हणाले, "शेवंताला घेतलीस तर येतो. ती माझ्याहून लई खोकतीया."
वखारीत जाऊन तिला सांगितलं. "रोज बघत हुते की वैनी, आप्पा आत बसल्यालं. मी कशाला सांगू? म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटत हुतं."
येशील का?
"बघते." नंतर, मी निघताना, "मागं बसल्यालाबी गार लागतंय व्हय?"

१७ मार्च, मंगळ
पाणी रेघेवर. पंखा चालू. जेवताना सु.ने विचारलं, उद्या बेळगाव कशाला? गाडीची ट्रायल, म्हटलं. आप्पांनी ताटातून मान वर केली नाही. एक्स-रे हातात आला की सांगावंच लागेल. मग वखारीचं काय, कुणास ठाऊक.
शेवंता येते म्हणाली. सकाळी सातला.
आमच्या चाळणीवर तिच्याखेरीज सहाजणी आहेत. मागच्या सीटवर तिच्या शेजारी दोन जागा रिकाम्या.