साबणाचा सीन

प्रिय धाकट्या,

मागच्या भेटीत जाळीपलीकडून तू एवढंच म्हणालास, की आपण लहानपणी तीनदा पाहिलेला तो तुरुंगाचा सिनेमा पुन्हा बघ, आणि साबणाचा सीन नीट बघ. बघितला. वही-पेन्सिल घेऊन दोनदा बघितला. माझी पत्रं तुझ्याआधी तिथले साहेब वाचतात, हे ठाऊक आहे. वाचू देत. सिनेमावर लिहायला बंदी नसावी.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर म्हणशील दादाला सगळीकडे खोटच दिसते. आवाजाचं काम अव्वल आहे. पहारेकऱ्याचे बूट आधी ऐकू येतात, माणूस मागून दिसतो. पत्रं वाटतात तेव्हा ज्याला पत्र नाही त्याचा चेहरा दाखवत नाहीत, नुसते रिकामे हात दाखवतात. मानलं बुवा.

आता तुझा साबण. नायक पहारेकऱ्याची किल्ली वडीत दाबतो, वडी बाहेर धाडतो, भाऊ त्यावरून किल्ली बनवतो आणि दार लोण्यासारखं उघडतं. मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, पण एकतीस वर्षं कुलपांशी डोकं लावतोय. ही शुद्ध थाप आहे. साबण सुकला की आकसतो. केसाएवढा फरक पडला तरी तसलं कुलूप हलत नाही, आणि जोर लावला की किल्ली आतच तुटते. मग सकाळच्या हजेरीला तुकडा कुलपात आणि माणूस दाराच्या आत. पुढची पाच-सात वर्षं तिथेच. हे दिग्दर्शक गाळतो.

दुसरी चूक त्याहून मोठी. कोठडीच्या भिंतीवर नायकाने दिवसांच्या रेघा ओढल्यात. चित्र थांबवून मी त्या मोजल्या. चुकायला नको म्हणून परत मोजल्या, त्याच्या शिक्षेतून वजा केल्या. त्याच्या सुटकेला जेमतेम तीन महिने उरले होते रे! सिनेमाभर यावर कुणी चकार शब्द काढत नाही. थिएटरात सगळे टाळ्या पिटत होते. तुला खांद्यावर घेऊन मीही पिटल्या. तुझे तर अकराच आठवडे राहिलेत.

आणि बाहेर गाडी चालू ठेवून बसलेला तो भाऊ? नायक पूल ओलांडतो, बाजा वाजतो, संपलं. भावाच्या दुकानाला टाळं कुणी ठोकलं, त्यांची आई कुणाच्या दारात गेली, ते सांगायचंच राहिलं. लहानपणी मला हे खटकलं नव्हतं. पुढच्या पत्रात फक्त एवढं लिही, की तुलाही हा सिनेमा आता तितका आवडत नाही. त्या ओळीची वाट पाहतोय. तोवर घास गोड लागणार नाही.

बाकी, परवा तुझे धुवायचे कपडे आले. सदऱ्याच्या बाहीत साबणाची वडी निघाली. आजवर कुठल्याच कुलपाला मी नाही म्हटलेलं नाही, तुला माहीत आहे. वडी उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि आईच्या हातात दिली. तिने त्याच वडीने तुझे दोन्ही सदरे घासघासून धुतले, फेस होत नाही म्हणून तुरुंगाच्या नावाने बोटं मोडली, आणि वडी संपवली. सदरे वाळलेत, मी स्वतः इस्त्री केली. अकरा आठवड्यांनी, मंगळवारी, ते घेऊन मोठ्या दरवाज्यासमोर उभा राहीन. दार तेच लोक उघडतील, त्यांच्या किल्लीने.

तुझाच,
कुलूपवाला दादा