नखाखालची गाठ

१२ जानेवारी १९८६, नाहूर
सोंग म्हणे! बोट माझं, कळ माझी, आणि सोंग ठरवणार सून! डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटावर नळाचं गार पाणी पडलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आज टोप सुटला हातातून. उत्तरा म्हणाली, "भांडी दिसली की बरं दुखतं तुमचं, आई!" सहदेव पेपरात तोंड खुपसून. पोटचा मुलगा!

१५ जानेवारी
शेजारची सुंदराबाई म्हणाली, नखुरडं आहे, लिंबू घाल. तिच्या नव्या फ्रीजमधलं लिंबू! भोक पाडून बोटात अडकवलं मात्र, अशी ओरडले की तिच्या हातचा चहा सांडला. ना सूज, ना पू — नखुरडं कसलं डोंबलाचं! नखाखाली जांभळट ठिपका तेवढा.

१६ जानेवारी
उत्तराने सांगितलं, काशीराममामा येणार, तुम्हाला गावी न्यायला. म्हणजे माझाच भाऊ! कायमचं. ठरवलं कोणी ते विचारायला नको. भवानी!

२० जानेवारी
तीच मला हॉस्पिटलात घेऊन गेली. "सोंग असेल तर डॉक्टर सांगतील." म्हटलं चल, बघूच!
डॉक्टर टकला, पण हात हलका. टाचणीचं डोकं नखावर टेकवत गेला. इथे? नाही. इथे? नाही. इथे — मी त्याच्या बापाचा उद्धार केला! हसला. "सापडली, आजी. रक्तवाहिन्यांची गाठ. ग्लोमस म्हणतात. क्वचित कोणाला होते. मसुराएवढी, पण गार लागलं की धिंगाणा घालते. काढली की संपलं."
सून हळूच विचारते, "कॅन्सर नाही ना हो?"

२७ जानेवारी
बोट बधिर केलं, नख उचललं, गाठ काढली. मी बघत होते. एवढीशी, लालसर. हिने मला नाचवलं?

१४ फेब्रुवारी
जखम भरली. तपासणीत गाठ साधीच निघाली. नळाखाली बोट धरलं. काही नाही! पुन्हा धरलं — काही नाही! धरूनच राहिले.
"आई, टाकी रिकामी होईल."
होऊ दे गं!

१६ फेब्रुवारी
काशीराम दारात. "चल बाय, सामान भर. सहदेवान बोलावल्यान माका."
सहदेवान! उत्तरा तांदूळ निवडत म्हणाली, "यांनी मला फक्त तुम्हाला सांगायला लावलं. दुखणं गेलं तर तुम्हाला पाठवायला कारण उरणार नाही, म्हणून तर दवाखाना गाठला."
सून तोंडाळ आहे, पण कारस्थानी दुसराच निघाला. मघापासून मोरीत दडून बसलाय. बसू दे. मी बोलणार नाही, उत्तरानेही बोलायचं नाही. बाहेर येऊन मामाला त्यानेच सांगायचं — का बोलावलं ते, आणि आई का येत नाही तेही.