गंज धरणारा हात

लाकडी पट्टीचा आवाज. एक हलका, एक जड. एक हलका, एक जड. शाळेत मिस ओडम कविता शिकवताना टेबलाच्या कडेवर पट्टी आपटत, आणि आम्ही भातगिरणीतल्या कामगारांची पोरं त्या ठेक्यावर ओळी म्हणत असू. वर पंखा कुरकुरायचा, सदरे पाठीला चिकटलेले असायचे, आणि जन्मात बर्फ न पाहिलेले आम्ही बर्फात हरवलेल्या मेंढपाळासाठी डोळे पुसायचो. तो ठेका मला आज दुपारीही जसाच्या तसा ऐकू येतो आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा हा पहिला पुरावा समजावा. दुसरा पुरावा असा की माझा कोणावरही विश्वास नाही.

मी, थर्मन लेलँड पिकेट, वय एक्याऐंशी, धंदा पिस्तुलांची विक्री आणि त्यांची कातडी म्यानं शिवणे (दुकान आता बंद), राहणार मॅकरेडी, टेक्सास, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, माझ्याच अक्षरात लिहीत आहे. कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून पेन हातात दिलेलं नाही. समोर शेजारच्या मिस क्लोटिल्ड फोंटेनो वाटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या आहेत. त्या पहिल्या साक्षीदार. दुसरे साक्षीदार, पोस्टातून निवृत्त झालेले मिस्टर गिड्री, तीनपर्यंत येतो म्हणाले आहेत. त्यांना आठवण करून द्यायला मिस क्लोटिल्ड मघाशी घरातल्या बोळातल्या फोनवर गेल्या होत्या. गिड्रीला ऐकू कमी येतं. त्याच्याशी इतकं हळू बोलायचं कारण मला समजलेलं नाही. नोंद करून ठेवतो.

याआधीच्या मृत्युपत्रात मी राहतं घर माझा भाचा वेल्डन याला दिलं होतं. ते मृत्युपत्र आज सकाळी जाळलं. कारण कलम चारमध्ये येईल.

कलम एक. माझ्या आऱ्या, कातडं कापायचे सुरे, मेणाचा गोळा आणि शिवणाचा लाकडी शिकंजा हे सर्व ओतिलिओ बारायास याला द्यावे. ओतिलिओ छपरं घालायचं काम करतो. पहिल्यांदा दुकानात आला तो ऐन ऑगस्टात, डांबराचा वास घेऊन. आठवड्याचा पगार खिशात घेऊन घरी जाताना त्याला दोघांनी लुटलं होतं.

"मिस्टर थर्मन, चांगलं मोठं द्या. बघूनच पळाले पाहिजेत."

"ओतिलिओ, छपरावर तुझा सदरा अंगाला कसा चिकटतो ते आरशात बघ. मोठं घेतलंस तर आधी तुझा मुकादम पळवील तुला."

तो हसला आणि लहान घेऊन गेला. पुढे स्वतःचं म्यान स्वतः शिवायला शिकला. टाके अजून वाकडे घालतो, पण प्रामाणिक घालतो.

कलम दोन. डोक्यातला माल. याला वारस नेमता येत नाही, म्हणून इथंच लिहून ठेवतो. ज्याला लागेल त्याने घ्यावा. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाने पिस्तूल निवडताना गोळी किती मोठी हे शेवटी पाहावं. आधी पाहावं की दिवसभर ते अंगावर राहील का. जड असलं की तिसऱ्या दिवशी ते गाडीच्या खणात जातं, आणि खणातलं पिस्तूल कोणाच्या उपयोगाचं? चोराच्या. निळ्या झिलईचं पोलाद दिसायला संध्याकाळच्या आभाळासारखं, पण घामाचं मीठ त्याला खातं. घाम गाळणाऱ्याने स्टेनलेस घ्यावं, आणि तेही गंजतच नाही असं मानू नये. गुळगुळीत लाकडी मूठ ओल्या हातातून माशासारखी निसटते. मूठ खरखरीत असावी. साधं कातडं घाम पितं आणि पिस्तुलाला पाजतं. म्हणून मी दोन कातड्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पत्रा शिवायचो, आणि पोटाकडची बाजू उंच ठेवायचो, म्हणजे धातू कातडीला टेकत नाही. रोज घरी आल्यावर आधी ते पुसावं, मग तोंड धुवावं. तेल मात्र जपून. तेल काडतुसात शिरलं की वेळेला नुसतं टिक्‌ होतं.

आणि हात. काही माणसांच्या हाताला गंज असतो. दोष कोणाचा नाही, घामच तसा. त्यांनी निळ्या पोलादाला बोट लावलं की दुसऱ्या दिवशी तिथं तपकिरी ठसा उमटतो, रेघांसकट. मी नव्या गिऱ्हाइकाच्या हातात पोलादाची पट्टी द्यायचो, "वजन बघा" म्हणायचो आणि गप्पा मारायचो. तो गेला की पट्टी न पुसता ठेवून द्यायचो. सकाळी ती पट्टीच सांगायची की या माणसाला काय विकायचं. एवढ्या वर्षांत असे हात मी मोजकेच पाहिले. त्यातला एक माझ्या घरात वाढला.

कलम तीन. बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या दफनाचा खर्च भागवावा, आणि उरेल ते गावच्या वाचनालयाला कवितांची पुस्तकं घेण्यासाठी द्यावं. पुस्तकं जाड कागदाची असावीत, पोरांच्या हाताला घाम येतो. चर्चला मी काही ठेवत नाही. रेव्हरंड स्टब्ज माझी बायको नॅडीन गेल्यापासून दर आठवड्याला लिंबाचा केक घेऊन येतात आणि खाताना छताकडे बघतात. छताला ओल आहे का, असं एकदा विचारलंसुद्धा. केकसाठी आभार.

कलम चार. माझ्या पलंगाशेजारच्या खणात माझं जुनं निळं रिव्हॉल्व्हर असतं. घामाच्या कामाला अगदी निरुपयोगी, पण ते कामावर जात नाही, म्हणून चालतं. दर रविवारी चर्चहून आलो की मी ते पुसतो. वसंतात एका रविवारी पुसायला घेतलं तर आत काडतूस नाही. वाटलं, म्हातारा झालो, मीच काढून ठेवली असतील. पुन्हा भरलं. पुढच्या रविवारी पुन्हा रिकामं. काडतुसं सापडली कॉफीच्या डब्यात, कॉफीवर नीट मांडून ठेवलेली. चोरानं एक डॉलर नेला नव्हता, केकसुद्धा होता तिथंच होता. असा चोर धोक्याचा. म्हणून तिसऱ्या खेपेला मी रिव्हॉल्व्हर न पुसता ठेवलं आणि मंगळवारी पाहिलं. काडतुसांच्या चक्रीच्या बाजूला तपकिरी अंगठा उमटला होता.

मग मी माझा जुना धंदा पुन्हा सुरू केला. वेल्डन आला तेव्हा त्याच्या हातात पट्टी दिली.

"अंकल थर्मन, हे काय?"

"वजन बघ."

"बघितलं. घराचा कर भरला का यंदा?"

दर खेपेला हाच प्रश्न. आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, बघायला जातो का विचारलं तर गाडी बिघडलेली असते. रेव्हरंडांच्या हातात पट्टी दिली. एसी दुरुस्त करणारा उगाच दोनदा येऊन गेला होता, त्याच्याही. मिस क्लोटिल्ड यांच्याही. त्या समोर बसून हे वाचत आहेत आणि नाक उडवत आहेत. प्रत्येक पट्टीला नावाची चिठ्ठी बांधली आणि न्हाणीघरात ठेवली, जिथं भिंतींनासुद्धा घाम येतो. आज सकाळी काढल्या. सगळ्या स्वच्छ.

तरीही वेल्डनचं नाव काढलं ते काढलंच. हात स्वच्छ निघाला म्हणून माणूस स्वच्छ असतो असं नाही. त्याला माझी मासे पकडायची होडी द्यावी. ती गळते, हे त्याला ठाऊक आहे.

मघाशी हे कलम मिस क्लोटिल्ड यांना वाचून दाखवलं.

"मग राहिलं कोण?" त्या म्हणाल्या.

"कोणी नाही."

"कोणी नाही? मग अंगठा काय आभाळातून पडला?"

"मिस क्लोटिल्ड, तुम्ही शेंगा सोला."

"मी शेंगाच सोलतेय. तुम्हीच केव्हापासून एक शेंग हातात धरून बसलाय आणि सोलत नाही."

कलम पाच. माझी मुलगी ओलेटा. ती शीतपेयांच्या यंत्रांतले पैसे गोळा करत गोदीवर, कारखान्यांच्या फाटकांवर फिरते. ट्रकला एसी नाही, मागे नाण्यांच्या पिशव्या. लहानपणी माझ्या शिकंज्याजवळ खोक्यावर बसायची, आणि मी शिवताना कविता म्हटली की आरीच्या मुठीने ठेका धरायची, एक हलका, एक जड. मी हातात देईन त्या प्रत्येक निळ्या पोलादावर दुसऱ्या दिवशी तिची बोटं उमटलेली असायची. नॅडीन म्हणायची, या पोरीनं घरभर सह्या करून ठेवल्यात.

तिच्यासाठी निवडलं तसं पिस्तूल मी कोणासाठीच निवडलं नाही. लहानसं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर, घोडा आत झाकलेला, म्हणजे ओल्या सदऱ्यात अडकत नाही. खरखरीत मूठ. म्यान मी तीनदा शिवून दोनदा उसवलं. तिने ते वर्षानुवर्षं वापरलं.

नॅडीनला पोचवून आलो त्या दिवशी ओलेटानं ते कमरेचं काढून याच टेबलावर ठेवलं.

"डॅडी, तुमच्या खणातलं मला द्या. थोडे दिवस."

"कशाला?"

"दोन्ही मी नेते, नाहीतर दोन्ही इथं ठेवते. माझं माझ्या कमरेला आणि तुमचं तुमच्या उशाशी, असं नको."

"आज पिस्तूल, उद्या घराची किल्ली, परवा मला वेड्यात काढून म्हाताऱ्यांच्या आश्रमात. ठेव."

तिने ठेवलं. मागच्या दाराने गेली. तेव्हापासून फोन नाही, नाताळचं कार्ड नाही. तिचं ते स्टेनलेस मी दर रविवारी पुसतो. त्यावर एक डाग नाही.

हे लिहून मी मिस क्लोटिल्ड यांना म्हटलं, "तिचाच डाव आहे. म्हातारा विसरतो, काडतुसं कॉफीत ठेवतो, असं कोर्टात दाखवायचं आणि घर घ्यायचं."

त्यांनी परात खाली ठेवली. "मिस्टर थर्मन, तुम्ही सकाळी उठल्यावर पहिला हात कुठं घालता?"

"कॉफीच्या डब्यात."

"लपवायची असती तर तिथं ठेवली असती का तिनं? तुम्हाला कळावं म्हणूनच ठेवलीत. कोणीतरी येऊन गेलं, एवढं कळावं."

"उघड येऊन सांगायचं होतं मग."

"उघड आली होती की एकदा." मग त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "नॅडीन गेल्यापासून संध्याकाळी दिवा न लावता मांडीवर काय घेऊन बसता तुम्ही, ते माझ्या ओट्यावरून दिसतं. मला दिसतं, तर मी कोणाला सांगणार? वेल्डनला?"

मी विचारलं, "मागच्या दाराची किल्ली तिला कोणी दिली?"

"यंदा वाटाणा किडका निघाला बघा," मिस क्लोटिल्ड म्हणाल्या.

तेव्हा कलम पाच असे: माझं निळं रिव्हॉल्व्हर आणि ओलेटाचं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर, दोन्ही ओलेटाने न्यावीत. एक नाही, दोन्ही. निळ्याला हात लावताना हातमोजे घालावेत, किंवा घालू नयेत. गंजलं तर गंजू दे.

कलम सहा. राहतं घर, अंगण, पेकनची दोन झाडं आणि ओल आलेलं छत ओलेटा जून पिकेट हिला द्यावं. पण माझा संशय अजून पुरता फिटलेला नाही, म्हणून एक अट घालतो. ती शेजारणीच्या किल्लीने, मी चर्चमध्ये असताना, मागच्या दाराने येऊन हे घर घेऊ शकणार नाही. मी घरात असताना, पुढच्या दाराने, तोंडावर येऊन उभी राहिली पाहिजे. माझ्या हयातीत तशी आली नाही, तर घर वाचनालयाला जाईल. मिस क्लोटिल्ड म्हणतात, अट खडूस आहे. असू दे. मृत्युपत्र माझं आहे.

वरील सर्व मी पुन्हा एकदा वाचलं. जिथं खोडलं तिथं आद्याक्षरं घातली. कॉफीशिवाय काहीही प्यायलेलो नाही.

थर्मन लेलँड पिकेट
मॅकरेडी, टेक्सास
१९ ऑगस्ट २०११

साक्षीदार पहिली: क्लोटिल्ड मारी फोंटेनो. (सही केल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. गिड्रीला अजून अवकाश आहे. त्यांना कसली घाई?)

साक्षीदार दुसरा:

पुढच्या जाळीच्या दारावर आत्ता थाप पडली. गिड्री मुठीने बडवतो. ही थाप बोटांच्या पेरांची आहे. एक हलकी, एक जड. एक हलकी, एक जड. मिस क्लोटिल्ड खाली मान घालून सोललेले वाटाणे पुन्हा सोलत आहेत.

"डॅडी? आतून कडी आहे."

ही जागा कोरी ठेवतो. दारात उभी आहे तिला इथं सही करता येणार नाही. कलम सहाप्रमाणे ती वारस आहे, आणि अट तिने न वाचताच पुरी केली. गिड्री आल्यावर सही करील. कलम पाच मात्र माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. दोन्ही टेबलावर काढून ठेवली आहेत, चक्री रिकामी करून. कडी काढायला उठतो.